नाद

मराठी भाषेतील 'नाद' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. गवयाच्या तोंडी तो आला, म्हणजे त्याचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी आला, म्हणजे कोणाची तरी कानउघाडणी होणार आहे असे समजावे. "याला पतंगांचा नाद लागला आहे", "तिला चित्रांचा नाद, मग अभ्यासात लक्ष कसे लागणार?" अशी वाक्ये ज्या घरात ऐकू येत नाहीत, त्या घरात दहा ते पंधरा वर्षांचे मूल नाही असे खुशाल मानावे. छंद हा शब्द त्या मानाने सभ्य. छंद वेळापत्रकात बसतो. रविवारी दुपारी तीन ते पाच एवढी जागा त्याला पुरते. नादाला वेळापत्रक ठाऊक नसते. तो गणिताच्या तासाला येतो, पानावर बसले असता येतो, आणि झोपेतही पाठ सोडत नाही.

मोठ्या माणसांची भीती अगदीच निराधार असते असे मात्र नाही. पुष्कळ नाद चार महिन्यांत विझून जातात आणि मागे उरते ती अर्धवट भरलेली तिकिटांची वही व प्रगतिपुस्तकावरील लाल शेरा. कोणता नाद विझणारा आणि कोणता टिकणारा, हे आरंभी मुलालाही कळत नसते व त्याच्या वडिलांनाही. दिसते ते एवढेच, की मुलाच्या हातात एक प्रश्न आहे. तो प्रश्न घेऊन ते कोणाच्या दारी जाते आणि ते दार उघडते की नाही, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते.

मुंबईच्या खेतवाडीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सालीम नावाचा एक मुलगा राहत असे. त्याचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवडील तो अगदी लहान असतानाच निवर्तले होते आणि अमिरुद्दीन तय्यबजी या मामांच्या घरी तो वाढत होता. मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छऱ्यांची एक बंदूक दिली होती. त्या काळी अशा बंदुकीने चिमण्या टिपण्यात कोणाला काही वावगे वाटत नसे; आज वाटते, आणि ते योग्यच आहे. एके दिवशी त्याने टिपलेली चिमणी इतर चिमण्यांसारखीच दिसत होती, पण तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा पक्षी कोणता? मुलाने मामांना विचारले. मामांना सांगता येईना. "असेल एखादी चिमणी, जा अभ्यासाला बस" असे म्हणणे त्यांना किती सोपे होते! तसे न करता त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली आणि भाच्याला 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' या संस्थेच्या मानद सचिवांकडे, मिलर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थांकडे, पाठवले.

दहा-बारा वर्षांचा मुलगा, हातात मेलेली चिमणी आणि समोर साहेब. त्या दिवसांत साहेबाशी बोलायला मोठमोठी माणसेही कचरत असत. परंतु मिलर्ड यांनी चिमणी पाहिली, ती पिवळ्या गळ्याची चिमणी आहे असे सांगितले आणि तेथेच न थांबता संस्थेच्या संग्रहाचे खण एकामागून एक उघडून दाखवण्यास सुरुवात केली. प्रत्येक खणात पेंढा भरून जतन केलेले पक्षी ओळीने मांडलेले होते. एवढ्या प्रकारचे पक्षी आपल्या देशात आहेत याची त्या मुलाला कल्पनाही नव्हती. पुढे पक्ष्याची कातडी सोलून तो कसा जतन करावा, हेही तो त्याच संस्थेत शिकला.

शाळेत मात्र त्याचे फारसे तेज पडले नाही. १९१३ साली तो मॅट्रिकची परीक्षा कसाबसा उत्तीर्ण झाला. पुढे १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, येणाऱ्या लोकांना प्राणी व पक्षी समजावून देणाऱ्या व्याख्यात्याची जागा त्याला मिळाली. एकेकाळी ज्याच्यासाठी कोणी खण उघडले होते, तोच आता इतरांना ते खण दाखवू लागला. सालीम अली हे नाव पुढे साऱ्या जगाला ठाऊक झाले ते त्यानंतर.

मिलर्डसाहेबांसारखी माणसे सर्वांनाच भेटतात असे नाही. आणि प्रत्येक मुलाच्या हातातील प्रश्न चिमणीएवढा आटोपशीरही नसतो. पुण्यातील एका शाळेत सातवीत शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न चांगला चार हात लांबीचा होता.

त्याचा आरंभ राजा दिनकर केळकर संग्रहालयात झाला. बाजीराव रस्त्याजवळच्या या संग्रहालयात पुण्यातील बहुतेक शाळांची मुले एकदा तरी रांगेने जाऊन आलेली असतात. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. नाद हाच शब्द येथे योग्य. खेडोपाडी हिंडून, पदरचे पैसे खर्चून त्यांनी दिवे, दौती, अडकित्ते, वज्र्या, कुलपे, दरवाजे असे जे जे मिळेल ते आणले. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला. त्याचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि पुढे सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांहून अधिक वस्तू तेथे आहेत आणि त्यांतील थोड्याच एका वेळी मांडता येतात.

शाळेची सहल म्हणजे घाईचे काम. बाईंनी प्रत्येकाला एक कागद दिला होता. त्यावर दहा वस्तूंची नावे व त्यांचा उपयोग लिहायचा होता. मुले भराभर अडकित्ते आणि दिवे लिहून मोकळी झाली आणि मस्तानी महालाकडे धावली. ही मुलगी वाद्यांच्या दालनात उभी राहिली ती तेथेच. काचेमागे वीणा होत्या, सारंग्या होत्या, चामड्याने मढवलेली वाद्ये होती. सगळी स्वच्छ आणि नीटनेटकी. तिला काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. बाई तिला शोधत आल्या तेव्हा तिने विचारले,

"बाई, ही वाद्ये वाजतात का?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "ते मला सांगता येणार नाही. वाजत असली तरी येथे ती वाजवायची नसतात. चल, सगळे पुढे गेले."

उत्तर प्रामाणिक होते. आणि संग्रहालयांना नावे ठेवण्याचेही कारण नाही. ती काच नसती तर त्यांतली कितीतरी वाद्ये बंबात गेली असती. तरीपण अडकित्ता काचेमागे ठेवला तर तो अडकित्ताच राहतो आणि सारंगी काचेमागे ठेवली तर तिचे निम्मेच काही उरते, हे त्या मुलीला त्या दिवशी जाणवले. तिच्या कागदावर दहांऐवजी चारच नावे होती.

त्याच महिन्यात तिच्या घरी आवराआवर चालू होती. राहता वाडा पाडून तेथे इमारत उभी राहायची होती आणि घर रिकामे करण्यास थोडेच दिवस उरले होते. माळ्यावरून पितळेची भांडी उतरली, मोडका पाळणा उतरला, आणि सर्वांत शेवटी जुन्या लुगड्यात गुंडाळलेले काहीतरी लांबट खाली आले. लुगडे सोडले तेव्हा आत तंबोरा निघाला. भोपळ्याला एक चीर गेली होती, घोडी निघून आली होती, आणि एक खुंटी हरवली होती.

"हा कोणाचा?" मुलीने विचारले.

"माझा," आजी म्हणाली आणि पुन्हा डबे पुसू लागली.

आजी गात असे, हे त्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. हळूहळू कळले ते असे, की लग्नाआधी सहा वर्षे ती गाणे शिकली होती. लग्नानंतर आजोबांच्या बदल्या, मुलांची आजारपणे, पाहुणे यांत गाणे मागे पडले. कोणी तिला मनाई केली असेही नव्हते. कोणी विचारलेच नव्हते.

बाबांपुढे अडचण होती ती जागेची. नवी जागा मिळेपर्यंत दोन खोल्यांत राहायचे होते आणि तेथे कपाट ठेवायलाही भिंत नव्हती. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन तंबोरा पाहून गेला होता आणि बरी किंमत देत होता. एका हॉटेलात भोपळ्याच्या आत दिवा बसवून तो कोपऱ्यात उभा करायचा, असा त्याचा बेत होता.

"बाबा, आपण तो दुरुस्त करू या ना," मुलगी म्हणाली.

"आणि वाजवणार कोण? तुला गाणे येत नाही, आजीने सोडून किती वर्षे झाली. वार्षिक परीक्षा दीड महिन्यावर आली आहे. आता हा नवा नाद नको."

बाबांचे म्हणणे एका परीने खरे होते. मुलीला गाण्यातले ओ की ठो कळत नव्हते. तिला उत्तर देता आले नाही.

ते उत्तर तिला शाळेत मिळाले, आणि तेही गाण्याच्या तासाला नव्हे. विज्ञानाचे गुरुजी 'ध्वनी' हा धडा शिकवीत होते. त्यांनी नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटला. वर्गातल्या मागच्या बाकांना काहीच ऐकू आले नाही. मग त्यांनी त्याचा दांडा टेबलावर टेकवला, आणि सारे टेबल गुणगुणू लागले. काटा एकटा फारशी हवा हलवू शकत नाही; टेबलाची फळी त्याच्याबरोबर कापू लागली म्हणजे पुष्कळ हवा हलते आणि आवाज मोठा होतो. मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, मग तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे टेबलच की!"

वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी तिला बोलावून एक गोष्ट सांगितली. कोणतीही तार छेडली, की तिच्या मुख्य सुराबरोबर वरचे अनेक बारीक उपस्वर उठत असतात. तार ज्या ठिकाणी छेडावी त्यावरून त्यांतले काही उपस्वर उठता कामा नयेत, असा भौतिकशास्त्रातला एक जुना नियम आहे. परंतु तंबोऱ्यात ते नेमके ऐकू येतात. हे कोडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ओळखले व १९२१ साली त्यावर लेख लिहिला. पुढे १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रकाशावरील शोधासाठी. पण त्याआधी ते वीणा, तंबोरा, मृदंग यांच्यामागे लागले होते. तंबोऱ्याचे रहस्य त्याच्या घोडीत आहे. व्हायोलिनची घोडी वर धारदार असते. तंबोऱ्याची रुंद आणि किंचित गोलाईची. तार कापताना तिच्यावर वारंवार घासते व पुन्हा सुटते. तारेखाली एक दोरा सरकवून हे घासणे नेमके करतात. ते जमले, म्हणजे तंबोरा बोलू लागतो. यालाच जवारी म्हणतात.

"घोडी आहे घरी?" गुरुजींनी विचारले.

"आहे. पण निघून आली आहे."

"मग ती जपून ठेव. ती दिव्याच्या कामाची नाही."

त्या रात्री मुलीने हे सारे घरी सांगितले. बाबांनी ऐकून घेतले, पण काही बोलले नाहीत. बोलली ती आजी. डब्यातून घोडी काढून तिने ती मुलीच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "मिरजेला जावे लागेल. मी येते."

मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील फरीदसाहेब शिकलगार यांनी हत्यारांना धार लावण्याचे आपले वडिलोपार्जित काम सोडून तंबोरे व सतारी घडवण्यास आरंभ केला. तलवारींची गरज ओसरत चालली होती; गाणे वाढत होते. तेव्हापासून तेथील कितीतरी घराण्यांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालवली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांची कबर याच गावातील दर्ग्याच्या आवारात आहे आणि दरवर्षी उरुसाला गवई तेथे हजेरी लावतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे येतात ते पंढरपूरकडच्या भीमाकाठच्या शेतांतून. हे भोपळे खाण्याचे नव्हेत. ते कडू आणि जाड सालीचे असतात, आणि वेलीवर भरपूर मोठे झाल्यावर महिनोन् महिने वाळवावे लागतात. दांडी तुणीच्या लाकडाची. भोपळा कापून, पाण्यात भिजवून, आत काठ्यांचे टेकू देऊन त्याला आकार द्यायचा, तो पुन्हा सुकवायचा, मग जोडायचा; यंत्राला येथे फारसे काही करण्यासारखे नाही.

दुकान लहानसे होते. लाखेचा आणि लाकडाच्या भुशाचा वास येत होता. म्हाताऱ्या कारागिरांनी तंबोरा मांडीवर घेतला, भोपळ्यावर बोटाने टिचकी मारली, चिरेवरून नख फिरवले, आणि दांडी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून एका डोळ्याने पाहिली. बराच वेळ पाहिली.

"चीर सांधेल. खुंटी नवी करू," ते म्हणाले. "पण नवल हे, की दांडी अगदी सरळ आहे. असा तंबोरा तारा ताणलेल्या ठेवून वर्षानुवर्षे पडला, तर ओढीने दांडी वाकते. हा ज्यांनी ठेवला त्यांनी तारा उतरवून ठेवला आहे. पुन्हा वाजवायचा होता त्यांना."

आजी दुकानाबाहेर रस्त्याकडे पाहत होती. मुलीने आजीकडे पाहिले आणि मग तिनेही रस्त्याकडेच पाहिले.

"जवारी कोणत्या पट्टीची काढायची?" कारागिरांनी विचारले. "गाणार कोण?"

हा प्रश्न तिने अपेक्षिला नव्हता. तंबोरा दुरुस्त करायचा म्हणजे तो पूर्वीसारखा करायचा, एवढेच तिला ठाऊक होते. पण गाणाऱ्याचा 'सा' कोठे आहे हे कळल्यावाचून तारा किती जाडीच्या घालाव्यात आणि घोडी किती घासावी, हे ठरवता येत नाही. पुरुषाचा तंबोरा निराळा, स्त्रीचा निराळा, आणि एका गळ्यासाठी बोलणारा तंबोरा दुसऱ्या गळ्याशी तेवढा मोकळा बोलेलच असे नाही.

"आजीसाठी," मुलगी घाईने म्हणाली.

"नको," आजी म्हणाली. "माझा आवाज आता खाली गेला, आणि दमही पुरत नाही. तिच्या पट्टीत करा."

"मला कुठे गाता येते, आजी!"

"गायला सांगत नाहीत, बाळ," कारागीर म्हणाले. "नुसता आवाज लाव. जसा येईल तसा."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती. एक मुलगा कोपऱ्यात खुंटीला पॉलिश करीत होता, तोही थांबला. मुलीला वाटले, परत स्टेशनावर पळून जावे. पहिला आवाज निघाला तो जेमतेम तिलाच ऐकू आला. कारागिरांनी मान हलवली आणि शेजारच्या पेटीची एक पट्टी दाबून धरली. मग दुसरी. तिसऱ्या पट्टीला तिचा आवाज आपोआप तिच्यात जाऊन बसला. तिला तो कोठे संपतो आणि पेटी कोठे सुरू होते हे कळेना. ती थांबली तेव्हा दम संपला म्हणून थांबली.

"काळी चार," कारागीर म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढून त्यांनी दांडीच्या मागे बारीक अक्षरांत तसे लिहिले. "तीन आठवड्यांनी या."

तंबोरा घरी आला तो परीक्षेच्या आदल्या रविवारी. बाबांनी तो दोन खोल्यांतील त्यातल्या त्यात कोरड्या भिंतीला उभा केला आणि परीक्षा संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असे बजावले. मुलीने हात लावला नाही. आजीने लावला, तिची परीक्षा नव्हती. पहाटे सगळे निजलेले असताना ती चार तारा मिळवीत बसे: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खर्जाची. मिळाल्या, की पुन्हा थोड्या उतरत. ती पुन्हा मिळवी. मुलगी अंथरुणातून ऐके. गणितात तिला वर्गात सातवा क्रमांक मिळाला, आधी पाचवा असे. बाबांनी प्रगतिपुस्तकावर सही केली आणि दोन क्रमांकांविषयी एक वाक्य बोलून दाखवले.

मे महिन्यात आजीने तिला शिकवण्यास आरंभ केला. पहिले पंधरा दिवस केवळ 'सा'. हे शिक्षण कंटाळवाणे होते आणि मुलीने तसे स्पष्ट सांगितलेही. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, तेव्हा पंचमाची तार दर अर्ध्या तासाने उतरू लागली, आणि एके दिवशी जवारीचा दोरा तुटला. मुलीने मिरजेस पत्र टाकले, की दोरा कोणता घालावा. आठव्या दिवशी टपालाने एक पाकीट आले. त्यात कागद नव्हता. सुती दोऱ्याचे एक लहानसे रीळ होते आणि त्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने तिच्यासाठी घोडीचे चित्र काढून दोरा कोठपर्यंत सरकवायचा तेथे एक रेघ मारलेली होती.